चित्रदुर्गाची प्रतिकृती: तट काढला, आधी धोंडे बसवले

मंडळी, मागच्या वेळी चार बाय सहाच्या फळीवर कर्नाटकातल्या चित्रदुर्ग किल्ल्याचे पहिले दोन तट उभे राहिल्याचं सांगितलं होतं. ते दोन्ही मी काढून टाकले. का, ते सविस्तर लिहितो. ग्रॅनाइटच्या मुलखातला किल्ला करायला घेणाऱ्याला उपयोगी पडेल.

लहानपणापासून दिवाळीत केलेले माझे सगळे किल्ले सह्याद्रीतले. विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिकणमातीचा हात, माथा सपाट, कडेने तट, उतारावर अळीव. राजगड असो की तोरणा, हा क्रम हाताला बसलेला. चित्रदुर्गाला तोच लावला आणि चुकलं. तिथे आपल्यासारखे ताशीव कडे नाहीत, सपाट माची नाही. घराएवढे गोल, गुळगुळीत धोंडे एकमेकांवर पडलेत आणि तट एका धोंड्यापासून दुसऱ्यापर्यंत मधली जागा बुजवत जातो. कन्नडमध्ये या किल्ल्याला ‘एळु सुत्तिन कोटे’ म्हणतात, म्हणजे सात वेढ्यांचा कोट. ते ऐकून मी फळीवर सात वर्तुळं आखली होती. प्रत्यक्षात धोंडा नेईल तिकडे तट वळतो, मध्येच कातळात विरतो आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो.

म्हणून आता आधी धोंडे. नदीतले गोटे आणले, पण आपल्याकडचे गोटे काळे. त्यांना चुना, गेरू आणि चिमूटभर काजळी मिसळून पातळ हात दिला. पहिला हात फार तांबूस आला, दुसऱ्यात गेरू निम्मा केला तेव्हा राखाडीवर गुलाबी झाक उतरली. गोटे पक्के बसल्यावरच शाडूच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीची कड गोट्याच्या गोलाईप्रमाणे घासून. एका जोडाला अर्धा तास जातो. दगडांच्या सांध्यांत सवयीने पांढऱ्या चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या, त्याही पुसल्या. तिथले घडीव चिरे चुन्याशिवाय एकमेकांत असे घट्ट बसवलेत की सांधा केसासारखा दिसतो. दातकोरणीने नुसती ओरखड काढली की पुरे.

दरवाजांच्या वाटा मात्र पहिल्या झटक्यात जमल्या. आपल्या गोमुखी दरवाजाची सवय इथे कामी आली. आत शिरलं की वाट काटकोनात वळते, समोर भिंत येते, हत्तीला धाव घ्यायला जागाच उरत नाही. खालच्या भागात बंदुकीची दारू दळायची चार प्रचंड दगडी जाती एका खड्ड्यात आहेत. ती वाटाण्याच्या डाळीची केली आणि छान दिसतात.

हा किल्ला एका पिढीचा नाही. इथे राज्य करणाऱ्या नायकांच्या आधीपासून इथे वस्ती आणि देवळं होती, पण आज दिसणारा पसारा बराचसा नायकांचा. हे पाळेगार, म्हणजे मुलूख सांभाळणारे स्थानिक सरदार, बेड समाजाचे, ज्यांना आपण बेरड म्हणतो. तिम्मण्णा नायकाला विजयनगरकडून हा मुलूख मिळाला. 1565 साली विजयनगर कोसळल्यावर त्याचे वारस हळूहळू स्वतंत्र झाले. आपल्या वाचनात हे नायक येतात ते संताजी घोरपड्यांच्या मोहिमेत. 1695 साली दोड्डेरीच्या गढीत मोगल सरदार कासिमखान कोंडला गेला, तेव्हा चित्रदुर्गाचा बरमप्पा नायक संताजींच्या बाजूने होता. दोड्डेरी याच जिल्ह्यात आहे. खानाचा शेवट तिथेच झाला आणि उरलेल्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवला. पुढे 1770 मध्ये थोरल्या माधवरावांच्या फौजेसोबत निजगल किल्ल्याच्या वेढ्यात चित्रदुर्गाचे बेरड होते. शेवटच्या मदकरी नायकाचं सगळं आयुष्य म्हैसूरचा हैदर अली आणि मराठे या दोघांच्या मध्ये गेलं. 1779 साली किल्ला पडला, तो आतूनच फितुरी झाल्यामुळे. मदकरीला श्रीरंगपट्टणला नेलं, बेरडांची हजारो माणसंही तिकडे हलवली. एवढा तट असून किल्ला असा जावा, हे मला अजूनही बोचतं.

ओबव्वाची खिंड दोनदा केली. हैदरची माणसं कातळातल्या एका अरुंद भेगेतून आत शिरत होती, पहारेकरी जेवायला बसला होता आणि पाणी आणायला गेलेल्या त्याच्या बायकोने, ओबव्वाने, हातात ‘ओनके’ म्हणजे मुसळ घेऊन एकेकाला टिपलं, अशी तिथली कथा. ती भेग पाहिली की कथा पटते. अंग आकसून, मान खाली घालून एका वेळी एकच माणूस जातो, आणि डोकं आधी बाहेर येतं. पहिल्या वेळी मी ती रुंद ठेवली होती, तिथून पाच माणसं सहज आली असती. आता दोन गोटे इतके जवळ आणलेत की आगपेटीची काडी जेमतेम सरकते.

सध्याचं काम पाण्याचं. माझ्या मते या किल्ल्याचा जीव तिथेच आहे. वर गोपालस्वामी होंड (होंड म्हणजे तळं), ते भरलं की पाणी अक्क-तंगी म्हणजे थोरली-धाकटी बहीण या जोडतळ्यात, तिथून सिहिनीरु म्हणजे गोड्या पाण्याच्या होंडात आणि शेवटी खाली गावातल्या संते होंडात. एका पावसाचं पाणी चार ठिकाणी अडवलेलं. तळी सिमेंटची केली, मधले पाट मेणाचे. काल रात्री तांब्याने वरून पाणी सोडलं. जोडतळं भरून वाहिलं, पाटातून उतरलं आणि सिहिनीरूच्या उजव्या कडेला गोट्याखाली झिरपून गेलं. संते होंड कोरडंच.

गोटा उचलून पुन्हा बसवायचा नाही, त्याच्यावर तीन पट्ट्या अवलंबून आहेत. राळ आणि मेण एकत्र वितळवून कोणी अशी फट बुजवली असेल तर प्रमाण कळवा. तोवर राजवाड्याच्या मातीच्या भिंती करायला घेतो. त्या तिथेही मातीच्याच आहेत, त्यामुळे उरलेली चिकणमाती तिथे जाईल.