अटेंड सी नको, मॅम

लष्करी अकादमीतून सुट्टीवर आलेला कॅडेट माझ्याकडे सहसा स्वतःहून येत नाही. त्याला आई घेऊन येते. "अहो, सकाळी जिना उतरताना बघा त्याला, कठडा धरून उतरतो," असं ती सांगत असते आणि चिरंजीव खुर्चीत ताठ बसून "काही नाही मॅम, थोडं टाइट आहे," एवढंच म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अकादमीत असलेली, तिथे जाऊ पाहणारी आणि खांद्यावर नुकतेच तारे लागलेली बरीच मुलं माझ्या टेबलावर पाय पसरून गेली आहेत. कोण कुठल्या अकादमीतलं ते लिहिणार नाही. गोष्ट सगळ्यांची एकच आहे.

नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवत खाली यायचं. स्नायूचं दुखणं वीतभर पसरलेलं असतं. हाडाला बारीक तडा जायला लागला असेल, तर दुखणं एका बोटाखाली नेमकं सापडतं. तिथे दाबलं तरी या मुलांचा चेहरा हलत नाही, पायाची बोटं मात्र आवळली जातात. मी हल्ली चेहरा बघतच नाही, बोटं बघते.

याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हाड भरून यायला मिळणारा वेळ कमी आणि त्यावर पडणारा मार जास्त, असं आठवड्यामागून आठवडे चाललं की हे होतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुधा साफ येतो. एमआरआय केला तर दिसतं. पण साफ एक्स-रे हातात पडला की आमच्या वीराला तो धावण्याचा परवानाच वाटतो! उपाय म्हणाल तर सहा ते आठ आठवडे धावणं बंद. सुट्टी असते महिनाभराची.

"मग परत गेल्यावर अटेंड सी घे," असं म्हटलं की खरा चेहरा दिसतो. अटेंड सी म्हणजे डॉक्टरने दिलेली पीटी-ड्रिलमधून सूट. सूट कागदावर मिळते, पण बराकीत तिची किंमत मोजावी लागते. फार दिवस बुडाले तर रेलिगेशन, म्हणजे एक टर्म मागे, आपले कोर्समेट पुढे आणि आपण ज्युनिअरांबरोबर. हा हिशोब निदान समजण्यासारखा तरी आहे. त्याहून वाईट ती नजर. हा मॅलिंगरर आहे, कामचोर आहे. आणि सगळ्यांत शेवटी ठेवणीतलं वाक्य, "लड़की है क्या?"

प्रशिक्षण सोपं करा, असं माझं म्हणणं नाही. दमलेल्या, झोप न झालेल्या अवस्थेतही डोकं शाबूत ठेवता आलं पाहिजे, ते गादीवर बसून येत नाही. गुडघे दाखवायला येणारे निवृत्त कर्नलसुद्धा सिंहगड चढण्याची शिक्षा स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगावी तशी रंगवून सांगतात, आणि मलाही ऐकायला आवडतं. पण दम लागणं वेगळं आणि हाड तडकणं वेगळं. हा फरक अठरा वर्षांच्या मुलाला शिकवला जात नाही. दोन्हीवर एकच औषध, दात आवळ.

आता त्या ठेवणीतल्या वाक्याचं काय करायचं? ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा देऊ दिली, आणि मे 2025 मध्ये खडकवासल्याहून 17 मुली 300 हून अधिक मुलांबरोबर पास आउट झाल्या. म्हणजे "लड़की है क्या?" ऐकणाऱ्याच्या शेजारी आता खरोखरच एक मुलगी त्याच ड्रिल स्क्वेअरवर उभी आहे.

मला वाटलं होतं, मुली तरी दुखणं सांगतील. उलट झालं. त्या जास्तच लपवतात, कारण त्यांच्या एकटीच्या लंगडण्याचा हिशोब सगळ्या मुलींच्या नावावर लागतो. वास्तविक हाडांचा हा धोका मुलींना जास्त असतो. ब्रिटनमध्ये हवाई दलाच्या तीन प्रशिक्षणार्थी मुलींना पुरुषांच्या 30 इंची पावलाने चालवल्यामुळे दुखापती झाल्या होत्या. 2013 मध्ये त्यांना भरपाई मिळाल्याची बातमी आली. पाऊल पुरुषाच्या पायाच्या मापाने ठरवलं गेलं होतं, एवढंच. माझ्याकडची एक मुलगी सहज म्हणाली, "पाळी बंदच झालीय मॅम, बरंच झालं, कटकट गेली." खाणं कमी आणि शक्तीचा खर्च अफाट झाला की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं पोखरतं. त्या दिवशी मी तिला पायाचा एकही व्यायाम शिकवला नाही, आधी ताटात काय असतं ते विचारलं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं.

देहरादूनच्या आयएमएतल्या, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीतल्या, चेटवुड हॉलमधल्या ओळी ही मुलं मला घडाघडा म्हणून दाखवतात. 1932 मध्ये अकादमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती चेटवुड जे बोलले, त्यातल्या त्या ओळी. आधी देशाची सुरक्षा, मग आपल्या हाताखालच्या जवानांचं भलं, स्वतःचा आराम सगळ्यांत शेवटी. तिसरी ओळ सगळ्यांच्या अंगात भिनते. दुसरीबद्दल मला शंका आहे. सुट्टीवर आलेला एक लेफ्टनंट सांगत होता, त्याच्या पलटणीतला एक जवान कंबर धरून बसतो, नाटकं करतो. "तपासलं का?" मी विचारलं. तो हसला. चार वर्षं स्वतःचं दुखणं खोटं मानायला शिकलेला माणूस दुसऱ्याचं खरं कसं मानेल?

लपवण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते, आणि काही जण काहीही न लपवता अपघातातच सापडतात. 1985 पासून एनडीए, आयएमएसारख्या ठिकाणांहून सुमारे 500 कॅडेट वैद्यकीय कारणाने बोर्ड आउट झाले आहेत, म्हणजे अपात्र ठरून घरी पाठवले गेले आहेत. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळण्याआधीच घरी आल्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा त्यांना नव्हता. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या योजनेची, आरोग्यसेवा देऊ केली. उशिरा का होईना. जिच्यासाठी इतकं सोसलं ती वर्दीही नाही आणि उपचारही नाहीत, अशा अवस्थेत काही घरांनी कित्येक वर्षं काढली.

मी माझ्यापुरतं एक करते. तपासणीचं सविस्तर पत्र लिहून एमआरआयच्या प्रतीसह कॅडेटच्याच हातात देते. तो सज्ञान आहे. ते एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, दाखवायचं की ट्रंकेच्या तळाशी टाकायचं, हे त्यानेच ठरवायचं. पुढच्या सुट्टीत विचारलं की बहुतेक मुलं विषय बदलतात. गेल्या दिवाळीत मात्र एकाने सांगितलं की त्याच्या कोर्समधली एक मुलगी नडगी घेऊन सरळ एमआय रूममध्ये गेली, रेलिगेट झाली आणि तरी कुणाशी तोंड लपवून वागली नाही. मग आठवड्याने हाही गेला. त्याला सध्या पोहायला परवानगी आहे, बॉक्सिंग बंद.