बराक तीच, साहेब नवा

सरकारी क्वार्टरमध्ये ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे लगेच पटेल. बदलीची ऑर्डर निघते, जुना साहेब सामान बांधतो, नवा येतो. भिंतींना रंग लागतो, दारावरची पाटी बदलते आणि मोरीचा तुंबणारा पाइप तुंबतच राहतो. बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवरच्या व्युन्सडॉर्फ गावात हेच घडलं. फक्त तिथे साहेबांऐवजी सैन्यांच्या बदल्या होत गेल्या.

1910 च्या सुमारास कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, लष्कराने इथल्या पाइनच्या जंगलात बस्तान मांडलं. नेमबाजीची शाळा आली, व्यायामाची आली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा शेजारीच युद्धकैद्यांची एक छावणी उभी राहिली. तिचं नाव हाल्बमोंडलागर, म्हणजे चंद्रकोर छावणी. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांतले मुसलमान तिथे होते आणि हिंदुस्तानी शिपाईही. त्यांना खूश करून त्यांच्याच मालकांविरुद्ध उठवायचं, असा जर्मनांचा डाव. त्यासाठी 1915 मध्ये चक्क लाकडी मशीद बांधून दिली, घुमट-मिनारासकट. प्रार्थनेसाठी बांधलेली जर्मनीतली ही पहिली मशीद. कैद्यांसाठी एवढा थाट करणारं लष्कर मला तरी संशयास्पदच वाटतं.

जर्मन भाषापंडितांनाही ही आयतीच संधी मिळाली. त्यांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून घेतले. 11 डिसेंबर 1916 ला मल सिंग हा पंजाबी शिपाई भोंग्यापुढे उभा राहिला आणि 'एक माणूस होता' अशा थाटात बोलू लागला. हा माणूस हिंदुस्तानात लोणी खायचा, दूध प्यायचा. इंग्रजांची चाकरी धरली, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती लागला. आता त्याला घरी जायचंय. एवढंच. पंडितांना उच्चार हवे होते. त्याने गाऱ्हाणं नोंदवून घेतलं, तेही स्वतःचं नाव न घालता! ते ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात अजून आहे. घरी न पोचलेल्या 206 हिंदुस्तानींचं स्मारक जवळच त्सेरेन्सडॉर्फच्या दफनभूमीत आहे.

हिटलरच्या काळात इथे रणगाडे आले आणि पाठोपाठ भूसेनेचं मुख्यालय. जमिनीखाली अनेक मजली बंकर, आणि वर? वर साधी उतरत्या छपरांची घरं. विमानातून बघणाऱ्याला टुमदार खेडं वाटावं म्हणून काँक्रीटला खोटी धुराडीसुद्धा लावलेली. आत नकाशांवर सोव्हिएत संघावरच्या स्वारीचे बेत.

एप्रिल 1945 मध्ये सोव्हिएत संघाची लाल सेना इथे पोचली. ज्यांच्यावर चढाईचे बेत इथे शिजले, तेच पुढे इथले यजमान झाले, आणि तेही अर्धशतकभर. पूर्व जर्मनीतल्या सगळ्या सोव्हिएत फौजांचं मुख्यालय इथेच आलं. शाळा, दुकानं, नाट्यगृह, तरणतलाव, मॉस्कोला जाणारी थेट गाडी. हजारो सैनिक आणि त्यांची बायकामुलं. कैसरच्या काळातली व्यायामशाळा अधिकाऱ्यांचा क्लब झाली आणि तिच्यासमोर लेनिनचा पुतळा उभा राहिला. आसपासच्या जर्मनांना मात्र प्रवेश बंद. गावातून जाणारा हमरस्ताच छावणीत गेल्यामुळे लोक कित्येक वर्षं वळसा घालून जायचे. 'बंधुराष्ट्राच्या' सैन्याचा असा शेजार!

1994 मध्ये रशियनांनी आवराआवर केली. एवढ्या रिकाम्या इमारतींचं करायचं काय? 1998 पासून काहींत जुन्या पुस्तकांची दुकानं थाटली गेली. आजही लोक पुस्तकं चाळतात, तिकीट काढून बंकर बघतात. अर्थात सगळ्यांचंच भाग्य उजळलं नाही. क्लबाची इमारत ओसाड पडली. लेनिनला मात्र कुणी हलवलं नाही.

मशीद 1920 च्या दशकातच पाडली होती. 2015 मध्ये त्या भागात निर्वासितांसाठी निवारा बांधायचं ठरलं, तेव्हा आधी पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं आणि चंद्रकोर छावणीचे अवशेष हाती लागले. त्यानंतर निवाऱ्याचं काम मार्गी लागलं. तिथल्या रस्त्याची पाटी आज 'मोशेश्ट्रासं' आहे: मशीद रस्ता.