कोकम सरबताच्या रंगाचं सोनं निळं का पडतं

बडोद्यात मांडवीच्या सराफाकडे दिसतं ते सोनं पिवळं. त्याच सोन्याचे १३ नॅनोमीटरचे कण पाण्यात असले की पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावतात, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल पार होतो. पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद तो हाच. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, गाडी अडते ती फ्लास्कपाशी.

हे कण ज्यापासून बनवायचे ते सोन्याचं संयुग, क्लोरोऑरिक आम्ल, ओलावा भयंकर ओढतं. बडोद्याच्या श्रावणातल्या हवेत बाटली उघडून ३९ मिलिग्रॅम तोलायला बसलात, तर काटा स्थिरच होत नाही आणि आकडा खोटा येतो. त्यापेक्षा १ ग्रॅमची अख्खी बाटली २५.४ मिली पाण्यात विरघळवा, १०० मिलिमोलर स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण) तयार. स्टीलचा चमचा त्यात चुकूनही घालू नका, सोनं चमच्यावरच बसतं.

काच आम्लराजानं धुवायची: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्यूम हूडमध्ये, लागेल तेवढंच ताजं. ते झाकणबंद बाटलीत ठेवायचं नाही आणि ॲसिटोनच्या जवळपासही न्यायचं नाही. फ्लास्क घासला पण ढवळायचा मॅग्नेट विसरला, हे नेहमीचंच. त्याच्या ओरखड्यांत अडकलेलं जुनं सोनं नव्या कणांना चुकीची बीजं पुरवतं. पाणी अतिशुद्ध, १८.२ मेगाओम-सेंटीमीटर रोधकतेचं हवं. बोअरचं पाणी एकदा डिस्टिल करून भागत नाही.

आता ९९ मिली पाण्यात १ मिली स्टॉक घालून, वर कंडेन्सर लावून, जोरात उकळी आणा. ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटचं १० मिली द्रावण (११४ मिलिग्रॅम डायहायड्रेट) एका दमात ओता. थेंब थेंब घातलंत तर लहानमोठ्या कणांची खिचडी होते. फिकट पिवळा रंग उडतो, मग द्रावण काळपट जांभळं होतं. बरेच जण इथेच घाबरून गॅस बंद करतात. थांबा, थोड्याच मिनिटांत लाल येतो. १० मिनिटं उकळा, आच काढून आणखी १५ मिनिटं ढवळा.

डोळ्यांवर विसंबू नका. पाचपट पातळ करून स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घ्या, तसंच मोजलंत तर शोषण तीनच्या वर जातं आणि शिखर चपटं दिसतं. ५२० ला टोकदार शिखर आणि ६५० ला जवळपास सपाट रेघ हवी. ६५० कडे फुगवटा म्हणजे कण चिकटू लागले.

खरा घात होतो कणांना अँटिबॉडी (ठरावीक रेणू ओळखून पकडणारं प्रथिन) जोडताना. सायट्रेटचा ऋणभारच कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो, आणि मीठ तो भार झाकून टाकतं. कण जवळ आले की त्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात, शिखर ६०० च्या पुढे सरकतं, द्रावण शाईसारखं निळं. पीबीएसमधली (म्हणजे मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमधली) अँटिबॉडी तशीच ओतली की नेमकं हेच होतं, तेव्हा आधी कमी क्षाराच्या बोरेट बफरमध्ये डायलिसिस करा, म्हणजे सच्छिद्र पडद्यातून मीठ बाहेर जाऊ द्या. पीएच अँटिबॉडीच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण विद्युतभार शून्य असतो) किंचित वर ठेवा. मग छोट्या नळ्यांत वाढत्या मात्रा घेऊन १० टक्के मिठाची परीक्षा घ्या. ज्या सर्वांत कमी मात्रेला लाल टिकला, त्याहून थोडी जास्त वापरा आणि कणांवर उरलेली जागा बीएसएनं (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनानं) भरा.

तयार द्रावण काळ्या बाटलीत ४ अंशांवर ठेवा, पण फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून नको. एकदा गोठलेलं सोनं पुन्हा लाल होत नाही.