विंचू, भिंत आणि कोरं पत्र

कार्तिकीच्या आधी भाचीला आळंदीला नेलं. ज्ञानदेवांनी चांगदेवांना भेटायला जी चालवली म्हणतात, ती भिंत दाखवली. तिनं तिच्यावर हात फिरवला आणि विचारलं, "मामा, ही खरंच चालली होती?" आजूबाजूला माळकरी मंडळी हात जोडून उभी. "बाहेर सांगतो," म्हटलं.

आमचे अण्णा गावच्या मंडळात भारुडं करायचे. नाथांचा 'विंचू' असा रंगवायचे की मांडवातली बारकी पोरं रडायची. मी सात-आठ वर्षांचा असताना वैरण काढताना काकांना खराखुरा विंचू चावला. मी पळत देवघरातून अंगाऱ्याची डबी आणली. भारुडात उताराच आहे ना, सत्त्वगुणाचा अंगारा लावा म्हणून! अण्णांनी डबी बाजूला ठेवली आणि काकांना दवाखान्यात नेलं. रात्री मला जवळ घेऊन म्हणाले, "नाथ सुरुवातीलाच सांगतात, कामक्रोध विंचू चावला. तो अंगारा त्या विंचवाला. ह्याला इंजेक्शनच."

हेच अण्णा भिंत मात्र खरोखर चालली असं मानायचे. मला ते कधी पटलं नाही, आणि त्यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. नाथ स्वतःच खूण देतात, तिथं प्रश्न मिटतो. भिंतीच्या गोष्टीत तशी खूण नाही. अशा वेळी मी एवढंच बघतो, की शब्दशः धरल्यानं कुणाचा दवाखाना चुकतोय का, कुणाला पायरीखाली उभं राहावं लागतंय का. तसं असेल तर मी ऐकून घेत नाही. भिंतीनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

मला खरी ओढ आहे ती त्या गोष्टीतल्या पत्राची. ज्ञानदेव वयानं लहान, ज्ञानानं थोर. आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे चांगदेवांना ठरेना. म्हणून कागद कोराच धाडला. चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाली म्हणतात. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी 65 ओव्या लिहिल्या. त्या आजही आपल्या हातात आहेत. भिंतीवरून इतकं भांडून आम्ही बापलेकांनी त्या कितीदा वाचल्या? अण्णांची नजर गेल्यावर मी त्यांना वाचून दाखवायला लागलो, तेव्हा कुठे.

बाहेर चहा घेताना भाचीला हे सगळं सांगितलं आणि पहिली ओवी म्हणून दाखवली: "स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु । दावी मग ग्रासु । प्रगटला करी ॥" लपला की जग दिसतं, प्रगटला की जग गिळून टाकतो.

"पण लपतो कशाला?" तिनं विचारलं.

पुण्याची बस येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.