गाडी गरम झाली की रुसते

बुधवार, रात्र. नाशिक.

गाडी का अडते ते आज सापडलं एकदाचं. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा भाग, गेला होता. इंजिनाच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हील या जड दातेरी चाकाजवळ एका बोल्टवर बसवलेला अंगठ्याएवढा काळा तुकडा. मिस्तरीकाकांनी दहा नंबरच्या पान्याने काढून हातावर ठेवला तेव्हा माझा विश्वासच बसेना, की इतके दिवस जिवाला घोर लावणारी वस्तू ती हीच.

हे सगळं सुरू झालं त्र्यंबकहून परतताना. अंजनेरी फाट्यावर चहाला थांबलो, आईला पाय मोकळे करायचे होते. निघायला बसलो तर सेल्फ, म्हणजे स्टार्टरची मोटर, जोरात फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. डोक्यावर ऊन, आईची गोळ्यांची वेळ झालेली. भोवती माणसं जमली. कुणी म्हणे बॅटरी उतरली, कुणी म्हणे पेट्रोलमध्ये पाणी आहे, दोघं-तिघं बिचारे धक्का मारायला तयार. त्यांच्या आपुलकीचं मोल मला आहेच. पण सेल्फ दणक्यात फिरत असेल तर धक्क्याने काय होणार? इंजिन फिरवायचं सेल्फचं काम धक्का करतो. ठिणगी त्याने पडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी आपोआप चालू झाली आणि आम्ही काही घडलंच नाही अशा थाटात घरी आलो.

मग तेच चक्र. सकाळी एका झटक्यात चालू, रस्त्यात कधी बंद पडत नाही, पण लांबून येऊन थोडा वेळ थांबवली की अडते. गॅरेजला नेईपर्यंत गार होते आणि तिथे शहाण्यासारखी चालू होते. एका गॅरेजने गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला, काहीच दिसलं नाही, तरी बॅटरी बदलून दिली. पुढे फ्युएल पंप बदलू म्हणाले. याचा मला मनापासून राग आला. न तपासता एकेक पार्ट बदलत जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो अंदाज असतो आणि त्याचे पैसे गाडीवाला भरतो.

म्हणून मी वहीत लिहायला लागले. किती वेळ चालवली, किती वेळ थांबवली, टाकीत पेट्रोल किती, सेल्फचा आवाज कसा, चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घरघर येते का. घरघर दर वेळी येत होती. सेल्फ कधीच मंदावला नव्हता. आणि एक गोष्ट सहज दिसली म्हणून लिहिली: अडलेली असताना सेल्फ मारला तर इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा आरपीएमचा काटा शून्यावरून तसूभरही हलत नाही. सकाळी मात्र सेल्फ मारताच थोडा उचलतो.

सातपूरच्या एका जुन्या मिस्तरीकाकांना वही दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, "ताई, हा काटा सगळं सांगतोय. आता गाडी गार आणू नका. तापवून आणा आणि माझ्या दारात बंद करा."

आज दुपारी तेच केलं. त्र्यंबक रोडने लांब चक्कर मारून थेट त्यांच्या दारात उभी केली. त्यांनी बोनेटला हात लावला नाही, दहा-बारा मिनिटं नुसतं थांबायला लावलं. त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं. गाडी पळत असते तेव्हा पाणी फिरत असतं, समोरून वारा लागत असतो. बंद केली की दोन्ही थांबतं, पण इंजिनातली उष्णता कुठे जाणार? ती बाहेर झिरपत राहते आणि बोनेटखाली काही वेळ उलट जास्तच तापतं. म्हणून रस्त्यात धावणारी गाडी टपरीवर अडते.

मग सेल्फ मारला. काटा शून्यावर. प्लगची वायर काढून टेस्टर लावला, ठिणगी नाही. सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) सोडून त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला, तर आकडाच नाही, आतली तार तुटलेली असावी तसं. काकांनी फडकं गार पाण्यात पिळून सेन्सरवर धरलं. थोड्या वेळाने मीटरवर ८६० ओहम उमटले. कपलर लावला, चावी फिरवली, गाडी चालू! मी तिथेच टाळी वाजवली.

आमच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं असतं. फ्लायव्हीलचे दाते समोरून गेले की त्यात हलका करंट तयार होतो आणि त्यावरून इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतं की क्रँक फिरतोय, ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं. आतली तार एका जागी तडकलेली. तापली की फाकते, निवली की टेकते. तार फाकली की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन उभंच आहे, मग तो ठिणगी तरी का टाकेल आणि बिघाडाची नोंद तरी कसली करेल? स्कॅनर कोरा का होता ते तेव्हा उलगडलं. काका म्हणाले, काही गाड्यांत कॅमशाफ्टवर नजर ठेवणाऱ्या कॅम सेन्सरवरून हा बिघाड पकडला जातो आणि क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा पी ०३३५ हा कोड येतो, पण कोड नाही म्हणून सेन्सर चांगला असं समजायचं नाही. तीन वायरींचा सेन्सर असेल तर ओहम मोजून उपयोग नाही, त्याची तपासणी वेगळी.

नवा सेन्सर बसवला. जुन्याची वायर सायलेन्सरच्या पाइपाकडे झुकली होती, ती काकांनी ओढून वर बांधली. पुन्हा तापवली, पुन्हा थांबलो, पुन्हा चावी. लगेच चालू. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मी भांडून जास्त दिली. दुपारभर डोकं लावलं होतं त्यांनी.

सिन्नरच्या भावाकडे हीच गाडी आहे, तीही हल्ली दुपारची अडते म्हणतो. त्याला आत्ताच फोन करून सांगितलं, बॅटरीला हात लावू नकोस. अडली की आधी सेल्फ मारून आरपीएमचा काटा बघ, आणि मला कळव.