माने कुठले?

६ फेब्रुवारी २०२२. सकाळी लतादीदी गेल्या आणि आमच्या पेपरचं अख्खं नियोजन कोलमडलं. रात्रपाळीला पोचलो तेव्हा क्रीडाला एकच पान उरलं होतं. त्यात एकोणीस वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप आणि भारताची हजारावी वनडे. फुटबॉलच्या आफ्रिका कपच्या फायनलच्या वाट्याला सिंगल कॉलम.

प्रूफ बघणाऱ्या काकांनी चष्मा वर केला. "हे माने आपल्या सांगलीकडचे का रे?"

"नाही हो काका, सेनेगलचा आहे. सादियो माने. बांबाली म्हणून गाव."

मॅच आपल्या साडेबाराला सुरू. शहर आवृत्ती छपाईला सोडून वेबसाइटसाठी मी एकटाच थांबलो. सातव्याच मिनिटाला सेनेगलला पेनल्टी. इजिप्तचा सलाह आपल्या गोलकीपरशी काहीतरी कुजबुजला. लिव्हरपूलला दोघं दोन विंगांवर खेळायचे, मानेच्या सवयी त्याला ठाऊक असणारच. मानेने जीव खाऊन मारली; गाबास्कीने झेपावून अडवली.

मी लगेच मथळा टाकून कॉपी सेव्ह केली : 'माने पुन्हा हुकला'. बातमीची लिंकही त्याच मथळ्यावरून बनली. पुन्हा, कारण २०१७ च्या क्वार्टर फायनलमध्ये त्याचीच पेनल्टी अडली आणि कॅमेरूनने सेनेगलला बाहेर काढलं होतं. पुढचं झरझर सुचलं. साउदॅम्प्टनकडून २ मिनिटं ५६ सेकंदांत हॅट्‌ट्रिक, लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग, देशासाठी मात्र हात रिकामे. सेनेगलचा कोच अलियू सिसेनेही २००२ च्या याच कपच्या फायनलमध्ये पेनल्टी घालवलेली. इतकं आयतं दुःख डेस्कवर क्वचित मिळतं.

१२० मिनिटं ०-०. शूटआउट. सेनेगलचा गोलकीपर मेंडीने इजिप्तची चौथी पेनल्टी अडवली आणि सेनेगलकडून पुढे आला तो माने. गोल झाला तर कप. माझी कॉपी तयार होती, तरी मी टीव्हीकडे बघून पुटपुटलो, "अरे, दुसऱ्या कुणाला तरी मारू दे की!"

गोल. ४-२. सेनेगलचा पहिलाच आफ्रिका कप. पाचव्या पेनल्टीसाठी राखून ठेवलेल्या सलाहची पाळी आलीच नाही.

तीन वाजून गेलेले. नुसता इंट्रो बदलून भागेना. परिच्छेद न् परिच्छेद त्या हुकण्यावर टेकलेला. सगळं पुसलं. गावात दवाखाना नव्हता, लहानपणीच वडील गेले, पुढे त्याच गावात मानेने हॉस्पिटल बांधलं, ही शेवटची ओळ तेवढी ठेवली.

सकाळी संपादकांचा फोन. "बातमी छान आहे. पण लिंकमध्ये अजून 'हुकला' दिसतंय. कोण हुकला?"