आमची वाटचाल : मांडवातल्या कॅमेऱ्यापासून सिग्नल मोजण्यापर्यंत

सांगली-मिरजेत व्हिडिओचं काम करणाऱ्याला कामाची वाण नाही. लगीनसराई ओसरते न ओसरते तोच जत्रांतली कुस्ती मैदानं लागतात, मग गणपती, मग नाट्यस्पर्धा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक याच गावात उभं केलं, त्यामुळं रंगमंचावरचा उजेड कसा असावा हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. अशा गावात आम्ही दोघा भावांनी २०११ साली कॅमेरे घेतले आणि एडिटिंग घरच्याच खोलीत सुरू केलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सामान वाचलं ते माळ्यावर होतं म्हणून. त्यानंतर आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आलो, आणि पुढच्याच वर्षी कोरोना आला. लग्नाला मोजकी माणसं, बाकी सगळे पाहुणे मोबाइलवर. लाइव्हची मागणी एवढी वाढली की मुहूर्ताच्या दिवशी माणूसबळ पुरेना.

लाइव्ह आणि रेकॉर्डिंग यांतला फरक तेव्हा खऱ्या अर्थानं अंगावर आला. रेकॉर्डिंगचा रंग नंतर टेबलावर बसून सुधारता येतो. लाइव्हमध्ये अक्षता पडल्या त्या पडल्या. मांडवात दुपारचं ऊन, वर रंगीत पडदे, स्टेजवर एलईडीचे दिवे, तीन कॅमेरे तीन कंपन्यांचे, आणि हे सगळं तपासायचं ते उन्हात फिकट दिसणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर. पडदा तिरका केला की चित्र बदलतं. डोळाही पाच मिनिटांत चुकीच्या रंगाला सरावतो, हे तर त्याहून वाईट. तेव्हाच आम्ही ठरवलं की चित्र बघायचं आणि सिग्नल, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग, आकड्यांत मोजायचा, ही दोन कामं वेगळी ठेवायची.

यासाठीची स्वतंत्र यंत्रं लाखांच्या घरात जातात. आम्ही सॉफ्टवेअरची वाट धरली. स्विचरमधून, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र पुढं जायचं ते निवडणाऱ्या यंत्रातून, निघणारं शेवटचं चित्र एका वेगळ्या कॉम्प्युटरवर कॅप्चर कार्डानं (व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डानं) घेतो. प्रक्षेपणाचा कॉम्प्युटर वेगळा, मोजणीचा वेगळा. एक अडकला तरी दुसरा चालू राहतो. मोजणीच्या कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ हे लाइव्हचं सॉफ्टवेअर आणि त्यात वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख), वेक्टरस्कोप (रंगाचा आलेख) दाखवणारं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर. नंतरच्या एडिटिंगला आणि रंग सुधारायला दा विंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर, ज्याच्या मोफत आवृत्तीतही हे आलेख आहेत. लांबच्या कॅमेऱ्यांना एचडीएमआयऐवजी एसडीआय, म्हणजे लांब अंतरावर व्हिडिओ नेणारी, केबल टाकली, कारण मांडवात एचडीएमआय पंधरा मीटरच्या पुढं भरवशाची राहत नाही. सगळे कॅमेरे सेकंदाला ५० फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइटचं लुकलुकणं चित्रात येत नाही.

नव्यानं मांडणी करणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर बघावं. उजेडाची पातळी आकड्यांत मांडताना व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ धरतो. कार्ड एक समजून चाललं आणि सॉफ्टवेअर दुसरं, की काळा शालू राखाडी दिसतो, नाहीतर त्याच्या घड्या दिसेनाशा होतात. कार्यक्रमाआधी प्रत्येक कॅमेऱ्यातून कलरबार (ठरावीक रंगांचे पट्टे) पाठवून वेव्हफॉर्मवर बघितलं, की हा घोळ तिथंच सापडतो.

मला सगळ्यांत जास्त विश्वास वेक्टरस्कोपचा वाटतो. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधे त्वचेची एक रेषा असते. माणूस गोरा असो की सावळा, उजेड नीट असेल तर चेहऱ्याचा रंग त्या रेषेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा, आणि तो वेव्हफॉर्मवर दिसतो. म्हणजे सावळ्या नवरीचा चेहरा आहे तसा, तजेलदार दाखवायला तिला पांढरं करावं लागत नाही. 'जरा गोरी दाखवा' अशी मागणी घरच्यांकडून आली तर मी त्यांना पडद्याजवळ बोलावतो आणि हे समजावतो. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम मी घेत नाही.

हळदीला वेगळीच कसोटी. भडक पिवळ्यात निळा रंग जवळपास नसतोच, त्यामुळं आरजीबी परेडमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखात, निळा तळाला जाऊन बसतो आणि झेंडूच्या पाकळ्या एकसंध डाग होऊन जातात. कुस्तीच्या मैदानात गुलाल उधळला की लाल असाच वरच्या टोकाला आदळतो. दोन्हीकडं रंगाची तीव्रता थोडी उतरवली की पाकळी आणि गुलालाचा धुरळा परत दिसायला लागतो.

आवाजाचं भान आम्हाला मिरजेनं दिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर जिथं आहे, त्या गावच्या श्रोत्याला आलाप दाबलेला लगेच कळतो. कार्यक्रमभर मीटरचा काटा उंच राहावा म्हणून लिमिटर (मोठा आवाज दाबणारं साधन) आवळला, तर तानपुऱ्याची गुंज आणि द्रुत तान एकाच पातळीवर येतात. आम्ही क्षणाचा आवाज न बघता अख्ख्या कार्यक्रमाचा लाउडनेस, म्हणजे कानाला सरासरी किती मोठा वाटतो ते, मोजतो. युरोपातल्या प्रसारणाचं मानक उणे २३ एलयूएफएसचं (लाउडनेस मोजायचं एकक) आहे. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली आणतं. म्हणजे जोरात पाठवून फायदा काहीच नाही, आलाप मात्र जातो.

आता प्रत्येक लाइव्ह कामाला एक माणूस फक्त मोजणीला बसतो. त्याच्या हातात कॅमेरा नसतो म्हणून गिऱ्हाईक सुरुवातीला विचारायचं, 'हा कशाला?' हल्ली नाट्यसंस्था बोलणी करतानाच त्याचं नाव लावायला सांगतात. तालमीला त्यालाच पाठवतो. प्रकाशयोजनाकाराशेजारी बसून तो प्रवेशागणिक पातळ्या टिपून घेतो, आणि प्रयोगाच्या दिवशी कॅमेरे त्या टिपणावर लावले जातात. या हंगामापासून कुस्तीलाही आम्ही हेच सुरू करतोय, सकाळी आखाड्याची माती ओली असतानाच जाऊन.